पार्सलने आलेली अंडी मशीनला लावताना

पार्सल संध्याकाळी हातात पडतं. खोकं फोडायचं, अंडी मोजायची, फुटलेल्या दोनचा फोटो विकणाऱ्याला पाठवायचा आणि उरलेली रात्रीच उबवणीच्या मशीनला (इन्क्युबेटरला) लावून टर्नर, म्हणजे अंडी फिरवणारी मोटर, चालू करायचा. एकवीस दिवसांनी वीस अंड्यांतून एखाद-दोन पिल्लं निघतात. मग फोन येतो, "दादा, फसवलं हो त्यानं. अंडी फलितच नव्हती."

तीच अंडी फोडून बघितली तर बरीचशी फलित निघतात. गर्भ धरलेला असतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मेलेला असतो. चूक बहुतेक वेळा त्या पहिल्या रात्री झालेली असते.

अंड्याच्या बोथट टोकाला कवचाच्या आत दोन पापुद्रे असतात आणि त्यांच्यामध्ये हवेची पोकळी. घरच्या अंड्यात ही पोकळी जागची हलत नाही. गाडीत दोन दिवस हादरे बसले की आतला पापुद्रा सुटतो आणि हवा अंडंभर फिरायला लागते. बलकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे पांढरे दोरही ताणलेले असतात. असं अंडं लगेच गरम करून गरागरा फिरवलं तर आतला गर्भ टिकत नाही. म्हणून घरच्या अंड्याची रीत या अंड्याला चालत नाही. खालचे आकडे पंख्याच्या मशीनचे आहेत. बिनपंख्याच्या, साध्या खोक्यासारख्या मशीनचा फरक जिथे पडतो तिथे तसं लिहिलंय.

## १. मागवण्याआधी

आधी महिना बघा. मार्चच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत लांबून अंडी मागवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ट्रॅव्हल्सच्या डिकीत दुपारी खोकं तापतं. पंचविशीच्या पुढे तापमान गेलं की अंड्यातला गर्भ अर्धवट वाढायला लागतो, रात्री गार झालं की थांबतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तापतो. असं दोनदा झालं की संपलं. ही अंडी बाहेरून ताजी टवटवीत दिसतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला काळ. पावसाळ्यात मागवायला हरकत नाही, पण खोकं भिजणार नाही एवढं बघा.

विकणाऱ्याला चारच गोष्टी विचारा. अंडी किती दिवसांची पाठवणार? (घातल्यापासून मशीनला लागेपर्यंत सात दिवस, त्यापुढे प्रत्येक दिवसाला पिल्लं कमी होतात.) एका नरामागे माद्या किती? (आठ-दहापर्यंत ठीक.) अंडी फ्रिजमध्ये ठेवली होती का? ठेवली असतील तर घेऊ नका. पॅकिंग कसं करणार? प्रत्येक अंडं वेगळं गुंडाळून, टोकदार बाजू खाली, मध्ये भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा दाबून भरलेलं हवं. खोकं हलवल्यावर आत काही हललं तर ते पॅकिंग नाही. कडकनाथ असो की असील, जातीची चौकशी तुम्ही करालच. पण पिल्लू निघणार की नाही हे या चार उत्तरांवर ठरतं.

मशीन तीन दिवस आधी रिकामं चालवा. ही पायरी लोक हमखास गाळतात, कारण रिकामं मशीन चालवायचं म्हणजे वीज वाया गेल्यासारखी वाटते. पण थर्मोस्टॅटच्या पडद्यावर ३७.५ दिसतंय म्हणजे अंड्यापाशी ३७.५ आहेच असं नाही. स्वस्त सेन्सर एक अंशाने इकडेतिकडे सहज असतो, आणि एक अंश फार झाला.

तपासा: थर्मामीटर. पेल्यात कोमट पाणी घ्या. ताप मोजायचा डॉक्टरी थर्मामीटर आणि मशीनचा सेन्सर दोन्ही त्यात शेजारी-शेजारी धरा. (सेन्सर पाण्यात चालणारा नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून.) पाणी ३७–३८ अंशांच्या दरम्यान असताना दोघांत जो फरक दिसेल तो कागदावर लिहून मशीनला चिकटवा.

तपासा: आर्द्रतामापक. बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ घ्या आणि ओलसर होईल इतकंच पाणी घाला, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी मापकाने ७५ दाखवायला हवं. ६८ दाखवत असेल तर तुमचा मापक सात कमी सांगतो.

मशीन ठेवायची खोलीही आत्ताच ठरवा. पत्र्याखाली ठेवू नका. आमच्याकडे मातीच्या भिंतीची जुनी खोली आहे, तिथे दिवस-रात्रीत तीन-चार अंशांचाच फरक पडतो. तशी खोली नसेल तर तळमजल्यावरची, ऊन न येणारी, माणसांची वर्दळ नसलेली जागा बघा.

राहिली वीज. तास-दोन तास लाईट गेली तर घाबरू नका. झाकण उघडायचं नाही, वरून गोधडी टाकायची, हवेची भोकं मोकळी ठेवायची. गर्भ गारठा बराच सोसतो, जास्तीची उष्णता अजिबात सोसत नाही. त्यामुळे लाईट आल्यावर "भरून काढायला" तापमान वाढवू नका. रोज सहा-आठ तास वीज जाणारं गाव असेल तर इन्व्हर्टरशिवाय पार्सलची महाग अंडी मागवूच नयेत.

## २. पार्सल घरी आणणं

ही पायरी मी स्वतः अक्कल गहाण टाकून शिकलो. पहिल्यांदा मागवलेली अंडी महामार्गावरून येणाऱ्या ट्रॅव्हल्सने कऱ्हाडला कोल्हापूर नाक्यावर उतरली. तिथून विट्याकडे चाळीसेक किलोमीटर. खोकं मोटरसायकलच्या कॅरिअरला रबरी दोरीने आवळून बांधलं आणि निघालो. एकही अंडं फुटलं नाही म्हणून मीच खूश होतो. रात्री टॉर्च लावून बघितलं तर चोवीसपैकी सतरा अंड्यांत हवा सैरावैरा. त्यातली किती आधीच सुटली होती आणि किती माझ्या गतिरोधकांवर सुटली, ते आता देवाला ठाऊक.

तेव्हापासून एसटीने जातो आणि खोकं मांडीवर घेऊन येतो. मधल्या भागातली सीट घ्यायची, मागच्या चाकावरची नाही. चारचाकी असेल तर मागच्या सीटवर उशीवर ठेवा, डिकीत नको. खोक्यावर "वर" लिहिलेली बाजू वरच ठेवा. एवढं सांगूनही माणसं ते काखेत मारून येतात.

## ३. खोकं उघडणं आणि निवड

खोकं घरी आल्यावर लगेच उघडा, पण सावलीत आणि सावकाश. पावसाळ्यात गाडीतून गार आलेलं अंडं दमट खोलीत उघडलं तर कवचावर घाम धरतो. हा घाम पुसू नका. पंख्याखाली आपोआप सुकू द्या. ओल्या कवचाला फडकं घासलं की जंतू छिद्रांतून आत जातात.

अंडी धुवायची नाहीत. फुटलेल्या अंड्याचा बलक दुसऱ्याला लागला असेल तर तो सुकल्यावर नखाने हलकेच काढा. फार माखलेलं अंडं सरळ बाजूला टाका. ते मशीनमध्ये कुजलं तर शेजारच्या दहांना घेऊन जाईल.

बारीक तडा डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतो. दोन अंडी हातात घेऊन एकमेकांवर अगदी हळू टेकवा. धड अंडी काचेच्या गोट्यांसारखी टणटणीत वाजतात, तडा गेलेलं बद्द वाजतं. आमच्या आईला हे न बघता चुलीपाशी बसून कळतं. मला अजून दोनदा वाजवावं लागतं. केसासारखा तडा असेल आणि अंडं किमती असेल तर मेणबत्तीचा एक थेंब तड्यावर पसरून ते लावता येतं. त्याच्याकडून फार आशा मात्र ठेवू नका.

आता अंधारात मोबाईलचा टॉर्च बोथट टोकाला लावून प्रत्येक अंडं बघा. यात पिल्लू शोधायचं नाही, फक्त हवेची पोकळी बघायची. अंडं अगदी सावकाश थोडं कलवा. तीन प्रकार दिसतील.

- पोकळी जागेवर घट्ट, कडा गोल: अंडं चांगलं आहे. अशा अंड्यावर "अ" लिहा.
- कड एका बाजूने खाली उतरलेली, खोगिरासारखी: पापुद्रा थोडा सुटलाय. याला "ब".
- गवंड्याच्या पाणसळीतल्या बुडबुड्यासारखी हवा अंडंभर फिरतेय: पापुद्रा पूर्ण सुटला. याला "क".

साध्या पेन्सिलने लिहा. स्केचपेन, मार्कर नको. पोकळीची कडही पेन्सिलने आखून ठेवा, पुढे सातव्या आणि चौदाव्या दिवशी उपयोगी पडेल. "क" अंडी फेकायची नाहीत. नीट विश्रांती दिली तर त्यातल्या काहींची पोकळी पुन्हा स्थिर होते.

सावधान: टॉर्च एका अंड्याला दहा सेकंद पुरे. मित्राला, शेजाऱ्याला, मुलांना दाखवत बसलात की अंडं विनाकारण हलतं आणि तापतं.

## ४. एक रात्र स्वस्थ

हीच ती पायरी जिच्यासाठी हा सगळा लेख लिहावा लागला. अंडी टोकदार बाजू खाली, बोथट बाजू वर अशी कागदी ट्रेमध्ये उभी लावा. खोलीतल्या साध्या तापमानात बारा ते चोवीस तास ठेवून द्या. मी चोवीस तासच ठेवतो. हवा वर चढून बोथट टोकाशी येते, बलक सावरतो, पापुद्रा थोडाफार बसतो.

या काळात अंडी फिरवायची नाहीत, तिरकी करायची नाहीत, पुन्हा टॉर्च लावायचा नाही. ट्रे फ्रिजवर ठेवू नका. कॉम्प्रेसरच्या थरथरीने विश्रांतीचा उपयोगच जातो. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला लागून घर असेल तर दुसरी खोली शोधा. आणि उंदराचा बंदोबस्त करा, हे वेगळं सांगायला नको.

"अजून एक दिवस गेला तर अंडी शिळी होतील ना?" हा प्रश्न हमखास येतो. एका दिवसाने जेवढं नुकसान होतं त्याच्या कितीतरी पट नुकसान घाईने होतं.

याच दिवशी घरच्या कोंबड्यांची तीन-चार ताजी अंडी बाजूला काढा आणि त्यांवर "घ" लिहा. ही साक्षीची अंडी. तीही याच मशीनमध्ये, याच वेळी लावायची. शेवटी घरची निघाली आणि पार्सलची नाही निघाली तर दोष प्रवासात किंवा मूळ अंड्यांत आहे. दोन्ही नाही निघाली तर विकणाऱ्याला शिव्या घालण्याआधी मशीनकडे बघा. चार अंड्यांचा खर्च काय तो, पण ही साक्ष नसली की दर वेळी अंदाजाने भांडण होतं.

## ५. मशीनला लावणं: पहिले तीन दिवस

पंख्याच्या मशीनमध्ये ३७.५ अंश सेल्सिअस (९९.५ फॅरनहाइट). बिनपंख्याच्या खोक्यात वर-खाली तापमान वेगळं असतं, म्हणून तिथे अंड्याच्या माथ्याच्या उंचीवर थर्मामीटर ठेवून ३८.५च्या आसपास धरायचं. तळाशी ठेवलेला थर्मामीटर चुकीची माहिती देतो.

पार्सलची अंडी आडवी टाकू नका. कागदी ट्रेचे कप्पे कापून घ्या, त्यांच्या तळाला हवा खेळायला बोटाएवढी भोकं पाडा आणि अंडी बोथट टोक वर करून उभीच लावा. अंडी आत गेल्यावर तापमान खाली येईल आणि पुन्हा वर यायला चार-सहा तास लागतील. तेवढ्यात थर्मोस्टॅटचं बटण फिरवायचं नाही. रात्री दोनला उठून बटण फिरवणारे सकाळी ३९.५ बघतात.

सावधान: पहिले तीन दिवस टर्नरची मोटर बंद. बऱ्याच मशीनमध्ये मोटर मुख्य स्विचबरोबर आपोआप चालू होते, तिची पिन काढून ठेवा. "क" अंडी जास्त असतील तर चार दिवसही चालतील. साक्षीची घरची अंडी मात्र पहिल्या दिवसापासून हाताने फिरवा, त्यांना मार लागलेला नाही.

दिवस मोजण्यात एक नेहमीचा गोंधळ होतो. अंडी लावली तो दिवस शून्य. चोवीस तास झाले की एक दिवस. सोपा हिशेब असा: बुधवारी संध्याकाळी लावली तर बरोबर तीन आठवड्यांनी बुधवारी संध्याकाळी एकवीस पूर्ण. लावल्याचा दिवस "पहिला" धरला की अठराव्याची कामं सतराव्यालाच होतात.

## ६. चौथा ते अठरावा दिवस

चौथ्या दिवसापासून अंडी कलवायला सुरुवात करा. गरागरा फिरवायची नाहीत. ट्रेच्या एका बाजूखाली लाकडी ठोकळा सरकवायचा की सगळी अंडी साधारण ४५ अंशांत कलतात. पुढच्या वेळी ठोकळा दुसऱ्या बाजूला. दिवसातून किमान तीनदा, आणि आकडा विषम ठेवा, म्हणजे रात्रीचा लांब वेळ रोज एकाच कुशीवर जात नाही. मोटर असेल तर ती आता जोडा, पण तिचा झटका हाताने बघून घ्या. ट्रे खडकन आपटत असेल तर हातानेच केलेलं बरं.

पाण्याचा घोळ. मशीनसोबत आलेल्या कागदावर "दोन्ही वाट्या पाण्याने भरा" असं लिहिलेलं असतं, आणि लोक बाराही महिने भरतात. पण हवा तापली की तिची आर्द्रता घटते, आणि किती घटेल ते बाहेरच्या हवेवर ठरतं. आषाढात पाटण-जावळीकडे खोलीत २४ अंश आणि ९० टक्के दमट हवा असली, तर तीच हवा मशीनमध्ये ३७.५ला गेल्यावर ४० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पहिल्या अठरा दिवसांत पाणी घालायचं कामच नाही. उलट जानेवारीत खटाव-माणकडे खोलीत १५ अंश आणि ६० टक्के असेल तर मशीनमध्ये पंधरा-सोळाच उरतात. जत-आटपाडीच्या चैत्रात वीस. तिथे पाणी हवंच. पहिल्या अठरा दिवसांत ४५ ते ५० टक्के धरा. पावसाळ्यात ४०ला अडलं तरी पाणी ओतायची घाई नको.

आकड्यापेक्षा वजन खरं बोलतं. एक दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. लावताना प्रत्येक अंड्याचं वजन त्याच्यावर लिहा. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याने सुमारे १२ टक्के वजन गमवायला हवं. ४५ ग्रॅमचं गावरान अंडं सातव्या दिवशी ४३च्या, चौदाव्या दिवशी ४१च्या आणि अठराव्या दिवशी साडेएकोणचाळीस-चाळीसच्या जवळ आलं पाहिजे. फारच कमी घटलं तर पाणी काढा, वेगाने घटलं तर वाढवा. रोज नको, सातव्या आणि चौदाव्या दिवशी पुरे.

टॉर्च: दिवस ७. जिवंत अंड्यात कोळ्यासारखा काळा ठिपका आणि त्यातून पसरलेल्या लाल शिरा दिसतात. शिरा नाहीत पण लाल कडं दिसतंय, तर गर्भ धरून मेला. काहीच दिसत नाही, पिवळी सावली तेवढी फिरतेय, तर एकतर फलित नव्हतं किंवा पहिल्या एक-दोन दिवसांत गेलं. असीलसारख्या जातीच्या तांबूस जाड कवचातून सातव्याला नीट दिसत नाही. शंका आली तर ठेवा, दहाव्या दिवशी पुन्हा बघा.

टॉर्च: दिवस १४. अर्ध्याहून जास्त अंडं काळं, वर पोकळी मोठी झालेली, शिरा ठळक. ज्याला वास येतोय, कवचावर घाम किंवा तपकिरी थेंब आलेत, ते लगेच आणि हळूच बाहेर काढा. असं अंडं आत फुटलं तर सगळं मशीन धुवावं लागतं.

गावाकडे अंडी कोमट पाण्यात सोडून "हलतंय का" बघायची पद्धत आहे. पार्सलच्या अंड्यांवर ती करू नका. न दिसलेल्या तड्यातून पाणी आत जातं.

खुडूक कोंबडी हाताशी असेल तर? पार्सलची अंडी पहिल्याच दिवशी तिच्याखाली द्यायची नाहीत, कारण ती त्यांना लगेच उलथीपालथी करते. पहिला आठवडा मशीनमध्ये काढून, टॉर्चमध्ये जिवंत ठरलेली दहा-बारा अंडी रात्री तिच्याखाली सरकवा आणि ती आधीपासून बसलेली अंडी काढून घ्या. आमच्या घरी ही पद्धत मशीनपेक्षा सरस ठरली आहे. आई रवणाच्या टोपलीत विजेच्या कडकडाटासाठी लोखंडाचा तुकडा आणि कोळसाही ठेवते. मी तो काढत नाही.

## ७. अठरावा दिवस: झाकण बंद

कलवणं थांबवा. शेवटचं वजन करा, शेवटचा टॉर्च लावा, मेलेली काढा. आर्द्रता ६५ ते ७० वर न्या. त्यासाठी उघडी वाटी नको, पिल्लू त्यात पडून बुडतं. ओला स्पंज किंवा जाळी लावलेली वाटी ठेवा. तळाला खरखरीत जाळी किंवा रबरी मॅट घाला. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पिल्लांचे पाय फाकतात आणि तसेच राहतात.

घरच्या अंड्यांना आडवं करतात. पार्सलची "ब" आणि "क" अंडी मात्र त्याच कापलेल्या कप्प्यांत उभी राहू द्या, म्हणजे पोकळी डोक्याशी राहते. "अ" अंडी आडवी केली तरी चालतात.

हवेची भोकं पूर्ण उघडा. या दिवसांत पिल्लं स्वतः उष्णता सोडतात आणि श्वासही घेतात. पावसाळ्यात गारठा वाटतो म्हणून भोकांवर चिंधी टाकणारे लोक मी पाहिलेत. आत पिल्लं गुदमरून मरतात.

तपासा: लाईट गेली तर काय करायचं ते आजच ठरवा. आता मशीन तास-दीड तासाहून जास्त वेळ हवा न फिरता राहता कामा नये.

## ८. पिल्लू बाहेर येताना

आधी कवचावर चांदणीसारखा बारीक तडा दिसतो. त्यानंतर पिल्लू थांबतं. आठ, बारा, कधी अठरा तास काहीच होत नाही, आणि इथेच माणसाचा हात शिवशिवतो. या वेळात पिल्लू राहिलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त आटत असतं. कवच सोललं तर रक्त येतं आणि पिल्लू हातातच मरतं. झाकण उघडलं की आर्द्रता एकदम पडते आणि दुसऱ्या तडा गेलेल्या अंड्याचा पापुद्रा चिवट होऊन पिल्लाला चिकटतो. म्हणून एकासाठी उघडलं की तीन जातात.

निघालेली पिल्लं आत चोवीस तास राहिली तरी बिघडत नाही, पोटातला बलक त्यांना दोन-तीन दिवस पुरतो. चिवचिवाट ऐकून दया दाखवू नका.

हात कधी घालायचा? तडा जाऊन पूर्ण चोवीस तास झाले, काही पुढे सरकत नाही, आणि बाकीची निघून गेली, तेव्हाच. किंवा टोकदार बाजूने तडा दिलेला असेल, कारण तिथे हवेची पोकळी नसते. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पापुद्रा ओला करा आणि तांदळाएवढं कवच उचला. लाल शीर दिसली की थांबा, तीन-चार तासांनी पुन्हा बघा. सगळं सोलून पिल्लू बाहेर काढायचं नाही, फक्त वाट मोकळी करायची.

पार्सलची अंडी घरच्यांपेक्षा उशिरा निघतात. साक्षीची वीस-एकवीसला निघाली म्हणून बाकीची फेकू नका. तेविसाव्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत मशीन चालू ठेवा.

पिल्लं सुकून फुलली की ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत घ्या. पहिला आठवडा ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. घरच्या कोंबड्यांत लगेच मिसळू नका. पुलोरमसारखे काही रोग अंड्यातूनच येतात. पार्सलचा भुसा आणि खोकं जाळून टाका, खुराड्यात अंथरू नका. मानमोडी (राणीखेत) रोगाची लस पहिल्या आठवड्यातच असते, त्यासाठी गावच्या किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवा. पिल्लं एकापाठोपाठ मरायला लागली तर ताजं मेलेलं पिल्लू बर्फात घालून डॉक्टरांकडे न्या. सातारा जिल्ह्याच्या उत्तरेकडच्यांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं.

## ९. न निघालेली अंडी फोडून बघा

ही पायरी घाणेरडी आहे म्हणून कोणी करत नाही, आणि पुढच्या वेळी तीच चूक होते. उकिरड्याशेजारी, वाऱ्याकडे पाठ करून, जुन्या ताटलीत एकेक फोडा आणि वहीत लिहा.

बलकावर नुसता बारीक, घट्ट पांढरा ठिपका असेल तर अंडं फलित नव्हतं. फलित अंड्यावर तो ठिपका मोठा, कडं असलेला दिसतो. सातव्या दिवशी काढलेल्या अंड्यांतही हेच बघा, तेव्हा ते जास्त स्पष्ट दिसतं, आणि विकणाऱ्याशी बोलायचं तर तोच फोटो काढून ठेवा.

लाल कडं किंवा चिमुकला गर्भ, म्हणजे पहिल्या आठवड्यात मेलं. "ब"-"क" अंड्यांतच असं झालं असेल तर प्रवासाचा मार. "घ" अंड्यांतही झालं असेल तर तुमचं तापमान चढलं होतं.

पूर्ण वाढलेलं पिल्लू, आत चिकट पाणी भरपूर, पोकळी लहान, म्हणजे अठरा दिवस पाणी जास्त झालं. आपल्याकडे श्रावणात लावलेल्या अंड्यांत हेच सर्वाधिक दिसतं. पिल्लू कोरडं, पापुद्रा कागदासारखा चिकटलेला असेल तर पाणी कमी पडलं, किंवा शेवटच्या तीन दिवसांत कोणीतरी झाकण उघडून बघत होतं. आमच्या घरी ते कोणीतरी म्हणजे मीच असतो.